आरी-रापी, आठशे युरो आणि आपण

गेल्या हिवाळ्यात आमच्या नालासोपाऱ्याच्या अभ्यासवर्गातला एक मुलगा मुंबईत भरलेले एक प्रदर्शन पाहून आला. हाताने बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन. तिथल्या एका टेबलावर लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेली एक आरी होती. पितळी टोपण, शिसवी मूठ, सोबत चामडे कापायची रापी, मेण लावलेला दोरा आणि चामड्याच्या कामावरचे रंगीत चित्रांचे पुस्तक. हौशी लोकांनी घरी बसून आपले पाकीट आपणच शिवावे म्हणून हा संच. किंमत साडेतीन हजार. मुलाने फोटो काढला आणि संध्याकाळी वडिलांना दाखवला. वडील स्टेशनबाहेर चपला-बूट दुरुस्त करतात. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि म्हणाले, "मूठ चांगली आहे. पण रापीला धार कुठाय?"

मुलगा हसत हसत हे आम्हाला सांगत होता. मग थांबला आणि म्हणाला, "दादा, कॉलेजच्या फॉर्मवर मी पप्पांचा धंदा 'बिझनेस' लिहिलाय. तीच आरी तिकडे पेटीत होती आणि लोक हातात घेऊन बघत होते. आपण लपवतो ती वस्तू ते मिरवतात. असं का?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर एकट्या त्या मुलाला द्यायचे नाही, म्हणून इथे लिहितो आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. चांगली, देखणी, हाताला बसणारी वस्तू आवडणे यात काही गैर नाही. आपल्यातले काही कार्यकर्ते याला लगेच चैन म्हणतात. पोटाचे प्रश्न असताना डिझाईनच्या गप्पा कशाला, असे विचारतात. त्यांनी बाबासाहेबांचे आयुष्य पुन्हा पाहावे. शाळेत ज्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागले, त्याने पुढे नीट शिवलेला सूट घातला, उत्तम पेने वापरली, दादरच्या हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी 'राजगृह' बांधले. ही हौस होतीच, पण त्यात राजकारणही होते. फाटके घालणे, उरलेले खाणे, दुसऱ्याने टाकलेले वापरणे हे ज्यांच्यावर नियम म्हणून लादले गेले, त्यांनी चांगली वस्तू निवडणे हा त्या नियमाचा भंग असतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब आपल्या स्त्रियांशी काय बोलले ते आठवा. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे-चांदीचे दागिने उतरवा, कारण त्यावरून तुमची जात ओळखू येते, असा त्यांचा सांगावा होता. दागिना वाईट म्हणून त्यांनी तो उतरवायला सांगितला नाही. तो दागिना जातीची खूण झाला होता. आज तशाच जाड चांदीच्या गळसऱ्या आणि वाळे 'एथनिक' म्हणून शहरातल्या दुकानांत काचेमागे असतात. ज्यांच्यावर ती खूण नव्हती त्यांना तो दागिना आता फक्त दागिना दिसतो. वस्तूमागचा इतिहास विसरण्याची सोय सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

आता डिझाईनच्या पुस्तकांकडे या. भारतात डिझाईनचे शिक्षण सुरू झाले त्याच्या मुळाशी एक छोटा दस्तऐवज आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला 'इंडिया रिपोर्ट' दिला. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. डिझाईन शिकणारा प्रत्येक विद्यार्थी हा अहवाल कधीतरी वाचतो. त्यातला सर्वांत गाजलेला भाग लोट्याविषयी आहे. भारतात पाहिलेल्या वस्तूंत लोटा त्यांना सर्वांत सुंदर वाटला. त्यात किती पाणी मावते, तो कमरेवर कसा बसतो, हातात कसा धरला जातो, पाणी ओतताना धार कशी पडते, तोल कसा राहतो, धातू कोणता, किंमत किती, असे कितीतरी प्रश्न त्यांनी लोट्याला विचारले. प्रश्न उत्तम आहेत. आपल्या मुलांनीही ते वाचावेत.

पण एक प्रश्न त्यात नाही. या लोट्याला हात कोण लावू शकतो? कोणाला तो उचलता येतो, आणि कोणाला ओंजळ पुढे करून वरून पडणाऱ्या धारेची वाट पाहावी लागते? २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जे घडले, त्यानंतर एकतीस वर्षांनी हा अहवाल लिहिला गेला. शाळेत शिपाई आला नाही तर लहान भीमराव तहानलेला राहत असे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. उंचावरून पाणी ओतता येणे हा लोट्याचा गुण डिझाईनच्या नजरेला दिसला. त्याच गुणामुळे विटाळ न होता पाणी वाढता येते, हे मात्र दिसले नाही. ईम्स दांपत्य बाहेरून आले होते, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण गेली साठ-पासष्ट वर्षे इथले जे अभ्यासक तो अहवाल शिकवत आले, त्यांच्यापैकी कितीजणांनी वर्गात हा प्रश्न विचारला? वस्तू पाहायची, तिच्याभोवतीची माणसे पाहायची नाहीत, ही सवय इथून लागली आहे.

या सवयीची किंमत काय असते ते कोल्हापुरी चपलेने दाखवून दिले.

२२ जून २०२५ ला इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. त्यात मॉडेलच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला होत्या. कंपनीने त्यांना चामड्याच्या सँडल एवढेच म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचे नाही. आरडाओरड झाल्यावर महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पाठवलेल्या उत्तरात कंपनीने मान्य केले की प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांची आहे. जुलैत त्यांचे पथक कोल्हापुरात येऊन गेले. डिसेंबर २०२५ मध्ये आपले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ आणि प्राडा यांच्यात करार झाला. दोन्ही राज्यांतल्या कारागिरांकडून सुमारे २,००० जोड बनवून घ्यायचे आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत सुमारे ८०० युरोंना विकायचे, असे जाहीर झाले. ८०० युरो म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या पुढे. कोल्हापूरच्या बाजारात चांगला जोड हजार-दोन हजारांत मिळतो.

त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर मराठी अस्मितेचा पूर आला होता. 'आमची कोल्हापुरी चोरली' असे लिहिणाऱ्यांत असे अनेक होते की ज्यांनी आयुष्यात कधी चर्मकाराच्या घरी पाणी घेतले नसेल. चप्पल 'आमची' झाली. ती बनवणारा 'आमचा' कधी झाला? चपलेचा तळ कापणारा पुरुष आणि वेणी विणणारी, शिलाई करणारी त्याच्या घरातली स्त्री यांच्याविषयी त्या सगळ्या गदारोळात किती ओळी लिहिल्या गेल्या, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आता कायदा समजून घ्या, कारण चळवळीतल्या माणसाला तो माहीत हवा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी ते आहे. १९९९ च्या जीआय कायद्यात एक 'नोंदणीकृत मालक' असतो आणि बाकीचे 'अधिकृत वापरकर्ते' म्हणून वेगळी नोंदणी करतात. कोल्हापुरीचे नोंदणीकृत मालक म्हणजे वरची दोन सरकारी महामंडळे. जुलै २०२५ मध्ये काही वकिलांनी प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा न्यायालयाने ती फेटाळली. जे नोंदणीकृत मालक आहेत त्यांनी यावे, असा त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जीआय नावाचे रक्षण करते. 'कोल्हापुरी' हे नाव लावून बाहेरचा माल कोणी विकला तर कारवाई होते. पण कोणी आकार घेतला आणि नावच घेतले नाही तर? तिथे जीआय तोकडा पडतो. डिझाईन कायदा फक्त नव्या आकृतीला संरक्षण देतो, तेही जास्तीत जास्त पंधरा वर्षे. शेकडो वर्षांची चप्पल त्यात 'नवी' ठरत नाही. म्हणजे नाव गाळणे हाच या व्यवस्थेत सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. आपल्याला यात नवल वाटू नये. नाव गाळून श्रम वापरणे ही तर गावगाड्याची जुनी रीत. कुंभाराचा माठ, बुरुडाची टोपली, मांगाचा दोर, चांभाराचा जोडा. वस्तूला जात आहे, माणसाला नाव नाही.

इथे आपल्यातलाच एक मित्र हात वर करील. तो म्हणेल, "बाबासाहेबांनी तर ही कामे सोडायला सांगितली. मेलेली ढोरे ओढू नका, असे महाडला सांगितले. मग आज आपण आरी-रापीचे कौतुक का करायचे? ती संग्रहालयात गेलेलीच बरी."

हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण तो बराचसा खरा आहे. आम्हाला परंपरेचा अभिमान विकायचा नाही. 'पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा' हा शब्द दुकानाच्या पाटीवर गोड वाटतो. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराने एकच काम का केले? कारण दुसरे करू दिले नाही. जातीने कामे वाटली असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ मध्येच उत्तर दिले आहे: वाटली गेली ती काम करणारी माणसे, आणि तीही एकाखाली एक. ज्या कारागिराचा मुलगा दुसरे काही होऊ शकत नाही, त्याच्या कलेला वारसा म्हणणे म्हणजे वेठबिगारीला निष्ठा म्हणणे.

आणि हे फार जुने नाही. ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली जनावरे सरकारी कचेऱ्यांपुढे नेऊन टाकली. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि चामड्यावर जगणाऱ्या धारावीतल्या अनेकांचे काम आटले. एकाच कातड्यासाठी उनात पाठीवर काठ्या आणि मिलानमध्ये टाळ्या. कातडे तेच. कोणाच्या हातात आहे यावर सगळे ठरते.

पण बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले होते? कौशल्य नव्हे, सक्ती. महार वतनाविरुद्ध ते १९२८ पासून विधिमंडळात लढले ते वतनातल्या गुलामीसाठी. चामडे कसे ओळखावे, कुठे कापावे, टाका कुठे घ्यावा हे ज्ञान आहे. हे ज्ञान असलेला माणूस फूटपाथवर आणि ते पुस्तकात वाचलेला माणूस डिझायनर, ही रचना मोडायची आहे. ज्याला काम सोडायचे त्याला सन्मानाने सोडता यावे, ज्याला करायचे त्याला मालक म्हणून करता यावे. दोन्ही दारे उघडी हवीत. एकच उघडे असेल तर ती पुन्हा जातच.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली. आम्ही बौद्ध आहोत, तो मुलगा चर्मकार समाजाचा. आमच्या वस्त्यांमध्येही 'ते वेगळे, आपण वेगळे' हे चालते, हे मान्य करू या. कोल्हापुरीच्या वेळी आपल्यातले बरेच जण गप्प बसले, कारण तो 'त्यांचा' प्रश्न वाटला. जातिअंताची भाषा बोलायची आणि शेजारच्या जातीच्या भाकरीचा प्रश्न आला की पुढे सरकायचे, हे बाबासाहेबांच्या लेकरांना शोभत नाही.

वेगळी वाट काढणारे आहेत. धारावीच्या कारागिरांसोबत काम करणारे सुधीर राजभर यांनी आपल्या उपक्रमाचे नावच 'चमार' ठेवले. चामड्याऐवजी टाकाऊ रबरापासून बॅगा बनवल्या. त्यांच्या खुर्च्या २०२४ मध्ये अमेरिकेत 'डिझाईन मायामी'पर्यंत गेल्या. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो, तो वस्तूवर नाव म्हणून आला. याने सगळे प्रश्न सुटतात असे आम्ही म्हणत नाही. अशा प्रत्येक उपक्रमाला, आपल्याही, एक प्रश्न विचारत राहिले पाहिजे: नफ्यात शिवणाऱ्या हाताचा वाटा किती? पण नाव गाळण्याच्या रीतीला दिलेले हे उत्तर मोलाचे आहे.

नाव लिहिण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे: विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केले. अमरावतीच्या स्तूपाला विधिक नावाच्या माणसाने पूर्णघटाचे शिल्प असलेली शिळा दान दिली. आपल्या आई, बायको, भाऊ, मुलांसह त्याचे नाव तिथे कोरले आहे, आणि त्याचा व्यवसायही: चर्मकार. जुन्नरच्या लेण्यांत कासार आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींची नावे येतात. बुद्धाच्या संघाच्या दारात चर्मकार आपले नाव आणि आपले काम एकाच ओळीत, न लपवता लिहीत होता. आमच्या मुलाला कॉलेजच्या फॉर्मवर जे लिहिता आले नाही, ते विधिकाने दगडावर लिहिले.

मग करायचे काय?

एक, आपल्या मुलामुलींना डिझाईनच्या शिक्षणात पाठवा. आयआयटींच्या बी.डेस.साठी दरवर्षी जानेवारीत 'यूसीड' परीक्षा होते. एनआयडीची स्वतःची परीक्षा असते. मुंबईत जे. जे. आहे, आपल्या वसईतही दृश्यकलेचे महाविद्यालय आहे. अनुसूचित जातींसाठी आरक्षण आहे, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आपल्या वर्गांत एमपीएससी आणि पोलीस भरतीची पुस्तके असतात, ती असावीतच. त्यांच्या शेजारी चित्रकलेची वही आणि डिझाईनची चार पुस्तके ठेवायला काय हरकत आहे?

दोन, महामंडळांना प्रश्न विचारा. ८०० युरोंपैकी शिवणाऱ्याला किती आणि वेणी विणणाऱ्या स्त्रीला किती? अधिकृत वापरकर्ते म्हणून किती कारागिरांची नोंद झाली, त्यांत स्त्रिया किती? माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे.

तीन, स्वतःपासून सुरुवात करा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आपण बुद्धमूर्ती, निळी उपरणी, पेने, किचेन विकत घेतो. ती कोणी बनवली, त्याला किती मिळाले, हे आपण किती वेळा विचारतो? वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत आपलेच भाऊ-बहिणी रोजंदारीवर वस्तू जोडतात. त्यांच्या वस्तूवर त्यांचे नाव यावे, ही मागणी आपल्या दुकानापासून सुरू व्हावी.

शेवटी पुन्हा त्या मुलाकडे. त्याला आम्ही उत्तर तोंडी दिले नाही. एका रविवारी त्याला आणि त्याच्या वडिलांना घेऊन सोपाऱ्याच्या स्तूपावर गेलो. या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले. टोपल्या विणणाऱ्याचा कोट! १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी इथे खणले तेव्हा दगडी करंडक सापडला. त्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या फुलांसोबत, मातीच्या भांड्याचे तुकडे. भगवानलाल यांना ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे वाटले. हे सगळे आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

मुलाचे वडील बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मडकं कोणाच्या हातात होतं, त्यावर त्याची किंमत."

आम्ही म्हटले, हो काका, आणि ते मडके घडवणाऱ्याचे नाव मात्र त्या पाच पेट्यांवरही नाही. ते लिहिण्याचे काम राहिले आहे.

मुलगा सध्या 'यूसीड'ची तयारी करतो आहे. या वेळच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने लिहिले आहे: चर्मकाम.

जय भीम.